दोन्ही हात पट्ट्यांवर

पारनेर, १२ नोव्हेंबर २०२४

क्रमांक नऊ यांस क्रमांक चारचा नमस्कार.

नगरच्या वाचनालयानं जोड्या लावल्या. त्यात तुमची कथा माझ्याकडे आली आणि माझी तुमच्याकडे गेली. नावं मेळाव्यापर्यंत गुप्त. तोवर एकमेकांना पत्रं लिहायची, कथा सुधारायची आणि फेब्रुवारीत मेळाव्यात तुमची कथा मी वाचायची, माझी तुम्ही. पत्रं वाचनालयामार्फत. पहिला-दुसरा नंबर कुणालाच नाही. 'मैत्रीची कथास्पर्धा' असं पत्रकावर छापलंय. नंबरच नाही तर स्पर्धा कसली, असं मी ग्रंथपाल देवश्रीबाईंना फोनवर विचारलं. त्या म्हणाल्या, "काका, लिहायची भीती मोडायची स्पर्धा आहे ही." मी म्हटलं, मला कसलीही भीती नाही.

नाव सांगायला मनाई आहे, धंदा सांगायला नाही. मी बाजाच्या पेट्या दुरुस्त करतो. पारनेरात एस.टी. स्टँडमागे दुकान आहे. मला गुरू नाही. आई-बाप पाथर्डीकडचे, ऊस तोडायला जायचे. माझी शाळा आठवीत सुटली. एका कारखान्याच्या तळावर भजनी मंडळाची पेटी बंद पडली होती. ती मी उघडली, साफ केली, परत जोडली. वाजली. दोन स्क्रू मात्र उरले. ते कुठले, हे मला आजतागायत कळलेलं नाही. त्यानंतर माझ्या हातून एकही स्क्रू उरलेला नाही.

आता तुमची कथा. नवरा गेलेली एक बाई. तिचा नवरा शाळेत कारकून, गावात 'पेटीवाले नाना' म्हणून माहीत. वर्षश्राद्ध झाल्यावर ती माळ्यावरून त्याची पेटी खाली काढते, पुसते आणि वाजवते. वर्षभर माळ्यावर पडलेल्या पेटीचा भाता उंदरांनी सोडला, हे मी मानायला तयार नाही. पण ते जाऊ द्या. शेवटाशी तुम्ही लिहिता: 'मी दोन्ही हात पट्ट्यांवर ठेवले आणि अख्खा अभंग वाजवला.'

दोन्ही हात पट्ट्यांवर? मग भाता कोण मारत होतं?

हातपेटीला एक हात भात्यावर लागतो. पायपेटी असती तर प्रश्न नव्हता, पण ती तुम्ही सतरंजीवर ठेवली आहे. भात्यात साठलेल्या हवेवर फार तर अर्धी ओळ निघते, अभंग नाही. ही चूक पेटी शेजारच्या घरातून ऐकलेल्या माणसाची आहे. ज्याला पेटी माहीत नाही, त्यानं पेटीवर लिहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

माझ्या कथेबद्दल कळवा. तीत मी चूक ठेवलेली नाही.

आपला,
क्रमांक चार


पारनेर, ३ डिसेंबर २०२४

क्रमांक नऊ, नमस्कार.

तुमचं पत्र आलं नाही. देवश्रीबाईंचा फोन मात्र आला.

"काका, नियम क्रमांक दोन वाचला होता का?"

मी म्हटलं, कुठला?

"पहिल्या पत्रात फक्त आवडलेलं लिहायचं. चुका दुसऱ्या पत्रापासून."

हा नियम पत्रकाच्या मागच्या बाजूला छापला आहे. मी मागची बाजू पाहिली नव्हती. छापणाऱ्यानं पुढच्या बाजूला 'मागे पहा' असं लिहायला हवं होतं. तसं मी त्यांना सांगितलं.

"नऊ नंबरनी कथा परत मागितलीय," त्या म्हणाल्या. "म्हणतात, मला पेटीतलं काही कळत नाही असं कळवलंय, ते खरं असेल. आणि काका, जोडी फुटली तर तुमचीही कथा मेळाव्यात नाही बरं का."

मी म्हटलं, तो मुद्दा नाही. आणि नाहीच. मेळाव्यासाठी मी नवा शर्ट शिवायला टाकला आहे, पण त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

"आवडलेलं काही लिहा ना त्यांना."

"खोटं लिहू?"

"सगळंच नावडलं का तुम्हाला? मग कथा चार वेळा वाचली कशाला? तुम्हीच मला सांगितलंत चार वेळा वाचली म्हणून."

फोन ठेवून मी तुमची कथा पाचव्यांदा वाचली.

तीत एक जागा आहे. ती बाई पेटी पुसते. पांढऱ्या पट्ट्या फडक्यानं, आणि काळ्या पट्ट्यांच्या मधली धूळ काडीच्या टोकाला पदर गुंडाळून. काडी उभी धरत नाही, आडवी धरते, म्हणजे लाकडाला ओरखडा जात नाही. मीही तसंच करतो. मला हे कुणी शिकवलं नव्हतं. पेट्या खराब करत करत शिकलो. शेजारच्या घरातून पेटी ऐकणाऱ्याला ही काडी माहीत असायचं कारण नाही.

म्हणजे माझं मत चुकलं, असं नाही. दोन हात आणि भाता यांचं गणित आहे तेच आहे. पण ज्या बाईला काडी आडवी धरायची हे ठाऊक आहे, तिला भात्याला हात लागतो हे ठाऊक नसणार कसं? हे मला गेले तीन दिवस सुटत नाही. समोर गिऱ्हाइकाची पेटी उघडी पडली आहे आणि मी तुमच्या पेटीचा विचार करतोय.

म्हणून पुन्हा विचारतो. चूक काढायची म्हणून नव्हे, माहिती हवी म्हणून: भाता कोण मारत होतं?

कथा परत घेऊ नका.

क्रमांक चार


पारनेर, २० डिसेंबर २०२४

ताई, नमस्कार.

तुम्ही ताई आहात हे आता कळलं, तेव्हा क्रमांक नऊ म्हणवत नाही. नाव विचारत नाही. भंडारदऱ्याचं पाणी सोडलं की तुमच्या ओट्यावरून आवाज येतो, एवढं तुम्ही लिहिलंत. बास आहे.

तुमचं पत्र दोनदा वाचून खिशात ठेवलं आणि दुकान लवकर बंद केलं. डोकं दुखत होतं.

म्हणजे भाता नाना मारत होते.

तुम्ही माहेरी पेटी शिकलात. सासरी सुनेनं चारचौघांत वाजवायचं नाही. म्हणून शाळेतून आल्यावर दार लावून नाना पेटीच्या पलीकडच्या बाजूला, तुमच्याकडे तोंड करून बसायचे आणि भाता मारायचे. तुमचे दोन्ही हात मोकळे. गल्लीत ऐकणारे समजायचे, नाना वाजवताहेत. भजनी मंडळात नाना जेमतेम सूर धरायचे, तेव्हा लोक म्हणायचे, "नाना घरी वेगळेच वाजवतात हो." आणि कुणी वाहवा केली की नाना घरी येऊन तुम्हाला सांगायचे, "मंडळाचा निरोप आहे तुला. काल छान झालं म्हणे."

ताई, हे सगळं तुम्ही कथेतून काढून टाकलंत? आणि शिवाय मला विचारता, यात कथा आहे का?

तुम्ही लिहिता, 'हे लिहिलं तर गाव म्हणेल, मग पेटीवाले नाना करत काय होते? त्यांचं नाव कमी होईल. म्हणून मी बाईला एकटीला बसवलं.' आणि पुढे लिहिता, 'खरं म्हणजे ती पेटी मी खाली काढली, पुसली, आणि परत ठेवली. वाजवली नाही. समोरची बाजू रिकामी होती.'

यावर मी माझ्या धंद्यातलं सांगतो, कारण दुसरं काही मला सांगता येत नाही. पट्टी आवाज काढत नाही. पट्टी फक्त दार उघडते. आवाज येतो तो हवेचा, आणि हवा भात्याची. पट्टी मोडली तर मी उद्या या म्हणतो. भाता गेला तर गिऱ्हाइकाला आधी बसायला सांगतो आणि मग बोलतो. नाना काय करत होते म्हणून गावानं विचारलं, तर हे सांगा. आणि भाता मारणाऱ्यानं नुसता जोर लावून चालत नाही. त्याला वाजवणाऱ्याच्या पुढे एक श्वास असावं लागतं. समोरच्याचं मन कळल्याशिवाय ते जमत नाही.

नानांना कथेत बसवा. नाहीतर कथा चुकीची राहील. हे मी कारागीर म्हणून सांगतोय.

तुम्ही माझ्या कथेबद्दल जे लिहिलंत ते मिळालं. 'न नेलेली पेटी' वाचून तुम्हाला दुकान दिसलं, सूर घासायची कानससुद्धा दिसली, याचा आनंद आहे. पण तुम्ही विचारता, गिऱ्हाईक पेटी न्यायला का आलं नाही?

त्याचं उत्तर, आलं नाही म्हणून आलं नाही. कथेत तेवढंच आहे. गोरक्षनाथ त्याचं नाव, कथेत मी बदललं आहे. गाणारा माणूस. आमच्या भागात त्याचं भजन असलं की जेवणं उरकून लोक आधी जागा धरायचे. पेटी स्वतःच वाजवायचा, पण मी लावलेल्या पेटीशिवाय गायचा नाही. पेटी माझ्याकडे टाकली आणि त्यानंतर त्याच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. आवाज गेला. राहतो जवळच, राळेगणच्या एस.टी.नं फाट्यावर उतरलं की वस्ती. पेटी मी मधूनमधून उघडून, सूर तपासून, पुन्हा झाकून ठेवतो. ती धंद्याची शिस्त आहे. त्यापलीकडे त्यात काही शोधू नका.

तुमचा,
क्रमांक चार


पारनेर, ९ जानेवारी २०२५

ताई,

पत्र मिळालं. तुमची अट वाचली. 'तुम्ही त्यांची पेटी त्यांना नेऊन द्या, मग मी नानांना कथेत आणीन.' अट घालायची ही शाळेतल्या माणसाच्या घरातली सवय दिसते. गृहपाठ दाखव, मग खेळायला जा.

मी दुकानदार आहे. गिऱ्हाइकानं माल न्यायला दुकानात यायचं असतं. आम्ही घरोघर पेट्या पोचवत हिंडत नाही.

आणि तुम्ही लिहिता, 'ते येणार नाहीत, कारण पेटी घरी आणली म्हणजे आता गाता येत नाही हे रोज दिसणार. आणि तुम्ही जात नाही, कारण पेटी दिली म्हणजे ते परत येणार नाहीत.' हे तुम्हाला इतक्या लांबून, धरणाच्या काठावर बसून कुणी सांगितलं? चार पानांची कथा दिली वाचायला, तर माणसानं चार पानंच वाचावीत.

ज्याला बोलता येत नाही त्याच्यासमोर बसून करायचं काय? मी आधीच बोलण्यात कच्चा. मला माणूस पेटी घेऊन आला तर बोलता येतं. नुसता माणूस आला तर येत नाही.

अट मान्य नाही. मेळावा जवळ आलाय, तुमची सुधारलेली कथा पाठवा.

क्रमांक चार

ता.क. मंगळवारी संक्रांत आहे. संक्रांतीला कुणाच्याही दारात जायला कारण लागत नाही, असं माझी आई म्हणायची. हे सहज आठवलं म्हणून लिहिलं.


पारनेर, १६ जानेवारी २०२५

ताई, नमस्कार आणि तिळगूळ. या पत्राबरोबर पुडी जोडली आहे. देवश्रीबाईंनी वाटेत उघडली नाही तर पोचेल.

गेलो.

पेटी चादरीत बांधून एस.टी.त मांडीवर घेतली. वर ठेवायला नको म्हटलं. धक्के बसतात, सूर हलतात. कंडक्टर म्हणाला, "काका, हाफ तिकीट काढू का हिचं?" लोक हसले. मी हसलो नाही, मला घाम फुटला होता. जानेवारीत.

अंगणात गोरक्षनाथाची बायको मालनबाई तीळ पाखडत होती. मला पाहून तिनं सूप खाली ठेवलं नाही. तशीच पाखडत म्हणाली, "या वैजूभावजी. वाट गवसली म्हनायची."

(नाव फुटलं. देवश्रीबाईंना सांगू नका.)

मी म्हटलं, पेटी आणलीय.

"मला वाटलं इकली का काय तुमी! रोज इचारते ह्यास्नी, पेटी कुटं हाय. तर हात वर करत्यात."

गोरक्षनाथ ओसरीवर बसला होता. गळ्याला मफलर. वाळलाय, पण बसायची ढब तीच, गवयाची, पाठ ताठ. मी त्याच्यासमोर गेलो, पिशवीतून तिळगूळ काढला, हातावर ठेवला आणि तोंडातून सवयीनं निघालं, "तिळगूळ घ्या, गोड..." पुढचा शब्द मी गिळला. ताई, या जिल्ह्यात असा एक माणूस आहे ज्याला संक्रांतीला 'गोड बोला' म्हणायचं नाही, आणि मी त्याच्याच दारात तिळगूळ घेऊन उभा!

त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय. तो हसत होता. आवाज नाही, नुसते खांदे आणि डोळ्यांत पाणी. मग मला खाली ओढून, कानाशी तोंड आणून, फुंकर घातल्यागत बोलला, "तूच बोल. मी आयकतो."

मग मी बोललो. काय बोललो, सांगता येणार नाही. पेट्यांबद्दलच बहुतेक. स्पर्धेबद्दल सांगितलं. तुमच्याबद्दलही.

चहा झाल्यावर चादर सोडली. त्यानं झाकण उघडलं, पट्ट्यांवरून बोट फिरवलं, दाबलं नाही. आणि हात मागे घेऊन मांडीवर ठेवले. मालनबाई दारातून म्हणाली, "गानं न्हाई तर पेटी कशाला, आसं हाय त्येंचं. आवाज गेला तवापासनं बाजा म्हनून आयकत न्हाईत. रेडू लावला तरी उटून जात्यात."

पेटी उचलून परत यावं असं वाटलं. परत आणली असती तर तुमची अट मोडली असती, हेही डोक्यात होतं, खोटं कशाला सांगू. तेवढ्यात मला तुमचे नाना आठवले.

मी उठलो, पेटीला वळसा घातला आणि पलीकडच्या बाजूला जाऊन बसलो. भात्याची कडी सोडली. म्हटलं, "गोरख, भाता माझ्याकडे. तू दोन्ही हात ठेव."

मी भाता मारायला लागलो. नुसती हवा. आत-बाहेर, आत-बाहेर. बऱ्याच वेळानं त्यानं उजवा हात ठेवला. मग डावा. तो डावा हात आयुष्यभर भात्यावर राहिलेला, त्याला पट्ट्यांची ओळखच नाही. भलतीकडे पडायचा, दोन पट्ट्या एकदम दाबायचा. कोमलच्या जागी शुद्ध लागत होता, शुद्धच्या जागी कोमल. माझ्या कानांना काय झालं असेल, तुम्हाला कल्पना आहे.

मी एकही चूक सांगितली नाही.

हळूहळू त्याचा अभंग उभा राहिला. लंगडत का होईना. आणि आतून, चुलीपुढून, मालनबाईचा आवाज आला. गुणगुणणं नव्हे, गाणं. शब्दासकट. गोरक्षनाथाचा हात थांबला. तशी ती आतूनच ओरडली, "थांबलात का? तितं खाली यायचं आस्तंय, तुमीच येत हुता की!"

घरात गवई आपण एकटेच, असा त्याचा इतकी वर्षं समज होता. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

निघताना मालनबाई म्हणाली, "भावजी, पुढल्या मंगळवारी या. ह्यो भाता मला जमायचा न्हाई, मला गायचं आसतंय."

माझ्या कथेचा शेवट बदलला आहे. पानं सोबत आहेत. तुमची अट पुरी झाली. आता नाना.

तुमचा,
क्रमांक चार


पारनेर, १२ फेब्रुवारी २०२५

ताई, नमस्कार.

काल तुमची सुधारलेली कथा आली. दुकानाचं शटर अर्धं ओढून वाचली. एक गिऱ्हाईक वाकून आत डोकावलं आणि काही न विचारता परत गेलं.

नाना आले आहेत. पूर्ण आले आहेत. ते शाळेचा शर्ट खुंटीला लावतात, पलीकडे बसतात, बाही दुमडतात आणि "चला" म्हणतात, तिथं मला तो माणूस दिसला. आणि मंडळाचा निरोप सांगताना ते तुमच्याकडे न बघता पायातली चप्पल काढत राहतात, हे तुम्ही आधी कुठं ठेवलं होतं? गाव काय म्हणायचं ते म्हणो. हे वाचून नानांचं नाव कमी झालं असं ज्याला वाटेल, त्याला माझ्या दुकानात पाठवा.

नियम क्रमांक दोन आता लागू नाही, तेव्हा एक चूक सांगतो. भात्याच्या कडीचा चाप डाव्या अंगाला असं तुम्ही लिहिलंय. तो तुमच्या बाजूनं डावा. नानांच्या बाजूनं उजवा. आणि त्या वाक्यात आपण नानांच्या बाजूला बसलो आहोत. तेवढं बदला.

पहिल्या मसुद्यातली दोन हातांची चूक मात्र चूकच होती, हे मी अजूनही म्हणतो. पण तुम्ही ती केली नसती तर मी विचारलं नसतं.

रविवारी, तेवीस तारखेला मेळावा. तुमची कथा मी वाचायची आहे. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी मोठ्यानं वाचून सराव करतो. सगळी वाचता येते. शेवटचा परिच्छेद वाचता येत नाही. वर्षश्राद्धानंतर ती बाई पेटी खाली काढते, पुसते, आणि समोरची बाजू रिकामी आहे म्हणून परत ठेवते. खरं तेच तुम्ही लिहिलंत, आणि बरोबर लिहिलंत. पण तिथं येऊन माझा आवाज बसतो, आणि आमच्यात एका आवाज बसलेल्या माणसाची सोय आधीच करावी लागते आहे.

म्हणून देवश्रीबाईंशी बोललो. त्या म्हणाल्या, नियमात तसं काही लिहिलेलं नाही. मी म्हटलं, मागची बाजू बघितली का? म्हणाल्या, "बघितली काका. मनाईही नाही."

तर ऐका. पेटी मी आणतो आहे. गोरक्षनाथाची, त्यानं स्वतः बांधून दिली आणि तो आणि मालनबाई पहिल्या रांगेत बसायला येणार आहेत. शेवटच्या परिच्छेदाशी मी कागद खाली ठेवीन आणि पेटीच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसेन. कडी सोडून ठेवीन. अलीकडची बाजू तुमची. वाजवायचं की नाही, ते तुम्ही तिथं ठरवा. नाही वाटलं तर मी थोडा वेळ भाता मारून उठेन, कुणाला काही कळणार नाही. लोक म्हणतील, पेटीवाला पेटी तपासत होता.

नानांसारखा भाता मला यायचा नाही. ते तुमच्या एक श्वास पुढे असायचे, मी बहुतेक एक श्वास मागे राहीन. सांभाळून घ्या.

आणि या वेळी निरोप कुणी आणून द्यायला नको. लोक समोरच असतील.

तुमचा,
वैजनाथ, क्रमांक चार